चालाल तर चालेल!

मराठीत 'चालणे' या क्रियापदाइतकं राबणारं दुसरं क्रियापद नसेल. घड्याळ चालतं, दुकान चालतं, पंखा चालतो. वर्गात लेक्चर चालतं आणि त्याच वेळी मागच्या बाकावर गप्पाही चालतात. परीक्षेत कुणाचं डोकं चालतं, कुणाचा नुसताच पेन चालतो. कुणी भेटलं की आपण विचारतो, 'काय, कसं चाललंय?' आणि समोरचा म्हणतो, 'चाललंय निवांत.' या सगळ्या धामधुमीत एकाच गोष्टीचं चालायचं राहून जातं, ती म्हणजे माणूस!

मित्रहो, घाबरू नका. 'आरोग्य हीच संपत्ती' हा निबंध आपण सगळ्यांनी दहावीला लिहिलाय आणि त्याचे मार्कही मिळवलेत. तो मी पुन्हा लिहिणार नाही. मला सांगायचंय ते माझ्या वडिलांविषयी, एस.टी. बसभोवतीच्या फेऱ्यांविषयी आणि ८.६ या आकड्याविषयी. (हा माझा एस.जी.पी.ए. नव्हे!)

आम्ही लातूरचे. अण्णा एस.टी.त चालक आहेत आणि गेली काही वर्षं लातूर-नांदेड हा त्यांचा नेहमीचा रस्ता. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा आणि मग नांदेड. गाडी नांदेडात शिरायच्या आधी आपल्या विष्णुपुरीवरून जाते, त्यामुळे कधीकधी मी रस्त्यावर उभा असलो की एक लांबलचक हॉर्न ऐकू येतो. आमच्या मित्रमंडळात त्याला 'अण्णांचा मिस्ड कॉल' म्हणतात.

आता गंमत बघा. अण्णांना चालणं नवीन नाही. मराठवाड्यातल्या कुणालाच ते नवीन नाही. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी पंढरीची वाट धरते. कार्तिकात मन्मथस्वामींच्या कपिलधारला दिंड्या जातात. कोजागिरीला लातूर, सोलापूर आणि कर्नाटकातूनही माणसं पायी तुळजापूरला निघतात, तेव्हा रस्त्यावर वाहनांपेक्षा पाय जास्त दिसतात. अण्णा गेली बारा वर्षं या पायी जाणाऱ्यांत आहेत. लातूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. तेही अनवाणी, कारण नवस तसा बोललेला. दोन दिवसांत पाऊणशे किलोमीटर चालणारा माणूस! त्याला कोण म्हणेल की तू चालत नाहीस?

मागच्या वर्षी जूनमध्ये हा प्रश्न एका डॉक्टरांनी विचारला. थकवा येतोय, रात्री सारखं उठावं लागतंय म्हणून आईने अण्णांना जबरदस्तीने तपासणीला नेलं होतं. उपाशीपोटीची साखर १८२. मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ८.६. साडेसहा किंवा त्याच्या पुढे आकडा गेला की मधुमेह धरतात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, खाण्यातलं काय कमी करायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "रोज चाला."

अण्णांचं उत्तर आमच्या घरात अजून गाजतंय. "डॉक्टरसाहेब, रोज अडीचशे किलोमीटरच्या वर फिरूलालो की मी! अजून किती फिरू?"

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री फोनवर त्यांचा आवाज वेगळा होता. गोळ्यांनी भागलं नाही आणि उद्या इन्शुलिनची वेळ आली तर स्टिअरिंग हातात राहील का, ही भीती त्यांना खात होती. ताई बी.एड.ला, मी इथे तिसऱ्या वर्षाला. घर त्या एका स्टिअरिंगवर चाललंय. ते मला एवढंच म्हणाले, "तू मशीनवाला आहेस ना? बघ बरं, हे चालायचं काय भानगड आहे. खरंच काही होतं का त्यानं?"

वडिलांनी दिलेला हा माझा पहिला प्रोजेक्ट. गाईड नाही, सबमिशनची तारीख नाही, व्हायवा मात्र रोज रात्री नऊला!

शोधता शोधता जे पहिलं सापडलं ते वाचून मी जागच्या जागी उडालो. विषय होता बसचे चालक आणि वाहक! लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवर काम करणाऱ्या हजारो माणसांची पाहणी केली आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. एकच बस, एकच रस्ता, तोच धूर. फरक इतकाच की चालक दिवसभर बसून आणि वाहक तिकिटं फाडत दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढतोय. हृदयविकार वाहकांमध्ये कमी निघाला आणि जीवघेणा झटका तर आणखीच कमी. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी हा एक.

मॉरिस यांचा प्रामाणिकपणा मला त्याहून आवडला. त्यांना शंका आली की चालक मुळातच जाडे असतील तर? मग त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या. विजारीच्या कमरेचं माप बघितलं तर खरंच, चालकांच्या कमरा वाहकांपेक्षा मोठ्या होत्या, अगदी तरुणांच्या सुद्धा! हेही त्यांनी १९५६ साली छापून टाकलं आणि पुढे इतर कामधंद्यांतल्या माणसांवर अभ्यास चालू ठेवले. स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगून २००९ साली वारले. आपल्या लॅबमध्ये नको तो रीडिंग आला की आपण काय करतो, ते मी इथे लिहीत नाही. सर हा अंक वाचतात.

मी हे सगळं अण्णांना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे आमचे मास्तर जगणार आन् मी जाणार म्हण की!" (वाहकाला आपल्याकडे मास्तर म्हणतात, हे शहरी मित्रांसाठी.) आणि पुढे, "बरं, मी चालतो. पण तू बी चाल. नुसतं मला शिकवू नको."

असा आमचा करार झाला.

आता अडचण अशी की एस.टी.च्या चालकाने चालायचं कधी? पहाटेची ड्युटी असेल तर चारला उठायचं. रात्री परत यायला नऊ. 'रोज सकाळी पाऊण तास मोकळ्या हवेत' हा सल्ला ज्यांच्या सकाळी त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या असतात त्यांच्यासाठी असतो. सुट्टीच्या दिवशी अण्णा गंजगोलाईला जातात. १९१७ साली बांधलेली ही आमच्या लातूरची गोल बाजारपेठ. मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी फुटणारे सोळा रस्ते. दर खेपेला एक नवा रस्ता शेवटपर्यंत जायचा नि परत यायचं, असा त्यांनी बेत केला. सोळा रस्ते झाले की पुन्हा पहिल्यापासून. पण ड्युटीच्या दिवसाचं काय?

तोडगा त्यांनीच काढला. अहमदपूरला गाडी थांबते, लोह्याला थांबते, नांदेडला तर चांगला वेळ मिळतो. पूर्वी गाडी थांबली की ते सीटवरच मान टेकवायचे. आता खाली उतरून गाडीभोवती फेऱ्या मारतात. लोकांना वाटतं ड्रायव्हर टायर तपासतोय! टायरही तपासून होतात म्हणा.

मी इकडे हिशेब केला. एस.टी.ची लांबी साधारण ११ मीटर, रुंदी अडीच मीटर. थोडं अंतर राखून एक फेरी मारली तर ३३ मीटर. दोन फेऱ्या म्हणजे ६६ मीटर. माणसाचं एक पाऊल सरासरी ६५ ते ७० सेंटिमीटर धरलं तर झाली शंभर पावलं. म्हणजे एस.टी.ला दोन प्रदक्षिणा घातल्या की बरोब्बर एक शतपावली!

शतपावली हा शब्द आपण आजी-आजोबांकडून इतक्यांदा ऐकलाय की त्यात काही शास्त्र असेल असं वाटतच नाही. जेवणानंतर शंभर पावलं चालावं हे सुश्रुतसंहितेतही आहे. आजचं विज्ञान काय म्हणतं? जेवणानंतर तास-दीड तासाच्या सुमारास रक्तातली साखर वर चढते. स्नायू हलायला लागले की ते ही साखर ओढून घेतात आणि विशेष म्हणजे हलणाऱ्या स्नायूला ती इन्शुलिनच्या मदतीशिवायही आत घेता येते. मधुमेहात इन्शुलिनचं दार नीट उघडत नाही, तर चालणं हे मागचं दार समजा. २०१३ साली अमेरिकेत एक छोटासा अभ्यास झाला. त्यात मधुमेहाचा धोका असलेली जेमतेम दहा वयस्कर माणसं होती. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं हे दिवसभराच्या साखरेसाठी सकाळच्या सलग पंचेचाळीस मिनिटांइतकंच उपयोगी ठरलं आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला तर जास्त उपयोगी. दहा माणसांवरून जगाचा नियम निघत नाही, पण आमच्यासारख्या तुकड्या-तुकड्यात वेळ मिळणाऱ्या लोकांना धीर मात्र मिळतो. अर्थात शंभर पावलं म्हणजे मिनिटभराचं काम. अण्णांनी डबा खाल्ल्यावर वीस फेऱ्या ठरवल्या. म्हणजे दहा शतपावल्या!

आणखी एक आकडा आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये येऊन बसलाय, तो म्हणजे १०,००० पावलं. मला वाटायचं यामागे मोठं संशोधन असेल. निघाला जाहिरातीतला आकडा! १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', अर्थ दहा हजार पावलं मोजणारं. नाव चाललं, आकडाही चालला. २०१९ साली अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्कर स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं की दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आहे आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही. म्हणजे खरा फायदा आळशी माणसाने थोडंसं हलण्यात आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्राफचा उतार सुरुवातीलाच जास्त आहे!

आता माझ्या बाजूचा करार. संध्याकाळी होस्टेलवरून निघायचं आणि जलाशयाच्या दिशेने चालायचं. गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प आपल्या इतका जवळ आहे की त्याची आपल्याला किंमत नाही. काळेश्वराच्या देवळापाशी पाण्यावर संध्याकाळ उतरते तेव्हा फ्लुइड मेकॅनिक्समध्येही काही सौंदर्य असावं अशी शंका येते. पहिल्या दिवशी मी एकटा होतो. आठवड्यात रूम पार्टनर आला, मग समोरच्या खोलीतला सिव्हिलवाला आला, मग त्याच्याकडून जर्नल घ्यायला आलेला एक जण आला नि राहिला. आता आम्ही सात-आठ जण असतो. मुलींच्या होस्टेलमधल्या मैत्रिणींनीही त्यांचा गट केलाय. अंधार पडल्यावर एकटीला रस्ता नको वाटतो, गटाने निघालं तर वाटत नाही.

चालताना यंत्र विभागाच्या माणसाला यंत्र दिसणारच. चालणं म्हणजे उलटा लंबक. टेकलेला पाय हा दांडा आणि वर आपलं वजन. एका पायावरून शरीर वर जातं, खाली येतं आणि या चढउतारात स्थितिज ऊर्जेची गतिज आणि गतिजची पुन्हा स्थितिज होत राहते. त्यामुळे चालणं इतकं स्वस्त पडतं. ताशी साधारण पावणेपाच किलोमीटरला दर किलोमीटरमागे खर्च सगळ्यात कमी. वेग वाढवत नेला की लंबकाचं गणित फिस्कटतं. वेगाच्या वर्गाला गुरुत्वीय त्वरण आणि पायाची लांबी यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर निम्म्याच्या जवळ आलं की माणूस आपोआप पळायला लागतो. नव्वद सेंटिमीटरच्या पायाला हा वेग येतो ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास. म्हणून व्यायामासाठी चालायचं तर स्वस्त वेगापेक्षा थोडं जास्त चालावं. त्याला यंत्र नको. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये! (आमच्यातल्या एकाला उभ्यानेही म्हणता येत नाही, तो अपवाद.)

आणि वजनाचं काय? इथे मात्र हिशेब निराश करतो. साठ किलोचा माणूस अर्धा तास बऱ्या वेगाने चालला तर सुमारे १०५ कॅलरी जळतात. एका वडापावच्या निम्म्याही नाहीत. परत येताना टपरीवर थांबलात तर खातं उलटं! तेव्हा नुसतं बारीक व्हायला चालणारा महिनाभरात कंटाळतो. चालण्याची कमाई साखर, रक्तदाब, झोप आणि मन या खात्यांवर जमा होते. ती आरशात दिसत नाही.

मनावरून आठवलं. अण्णा आणि मी पूर्वी फोनवर दोन मिनिटं बोलायचो. 'जेवलास का, पैसे आहेत का, बरं ठेवतो.' आता रात्री नऊला ते लातुरात कानाला फोन लावून चालतात आणि मी इथे होस्टेलच्या रस्त्यावर. चालताना माणूस बोलतो. समोरासमोर नसल्यामुळे कदाचित जास्तच बोलतो. एका रात्री त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ सांगितला. आमचं गाव औसा तालुक्यात. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या आत जमीन हलली. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे. गावातली पोरं चालत किल्लारीकडे निघाली. काय दिसलं ते त्यांनी फार सांगितलं नाही. म्हणाले, "परत येताना कुणीच बोललं नाही. नुसते पाय वाजूलाले होते." एकवीस वर्षं मी त्यांच्या घरात राहतोय, हे मला माहीत नव्हतं.

मग ऑक्टोबर आला आणि खरा पेच आला, कोजागिरीचा. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. डॉक्टरांनी बजावलं होतं की अनवाणी एक पाऊलही नको. अण्णा म्हणाले, नवस आहे. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलेना. शेवटी आई म्हणाली, "देवीला तुमच्या चपला मोजायच्या हायत का? तिला तुम्ही दरसाल यायला पाहिजे असाल, तर पाय जपा." अण्णा बूट-मोजे घालून गेले. रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, तसे वाटेतही मुक्कामाला बघितले. एक फोडसुद्धा नव्हता. त्यांचंच म्हणणं, की यंदा वाट सोपी गेली, पाय आधीच वळणावर होते.

मला या सगळ्यातून एक गोष्ट पटली. वर्षातून एकदा पाऊणशे किलोमीटर चालणं ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि ती तिच्या जागी मोठी आहे. शरीर मात्र वेगळा हिशेब ठेवतं. रोज अडीच किलोमीटर, वर्षातले तीनशे दिवस धरले तरी साडेसातशे होतात. दहा तुळजापूर! आणि ते कुणाला दिसतही नाहीत. आपण इंजिनिअरिंगवाले पी.एल.मध्ये रात्री जागून अख्खं सेमिस्टर वसूल करतो. चालण्यात ती सोय नाही. बॅकलॉग काढता येत नाही, सप्लिमेंटरी नसते. आजचं आज. म्हणून ते वेगळा वेळ काढून करण्यापेक्षा आधीच असलेल्या कामाच्या फटीत बसवावं. जेवण झालं की चाला, फोन आला की चाला, गाडी थांबली की उतरा.

डिसेंबरात अण्णांचा एचबीए१सी ७.२ आला. एकट्या चालण्यामुळे असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालूच आहेत, चहातली साखर गेली, आईने ताटातला भात निम्मा केला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही, हे तर आमच्या घरात भिंतीवर लिहिल्यासारखं आहे. मधुमेह गेलेला नाही, तो सोबत चालणार आहे. स्टिअरिंग मात्र अजून अण्णांच्या हातात आहे. आणि नांदेडच्या स्टँडवर त्यांच्यासोबत आता त्यांचे मास्तरही फेऱ्या मारतात. दिवसभर गाडीत चालून झालेलं असतानासुद्धा! म्हणे, "ड्रायव्हर एकटाच कसा पुढे जाईल?"

तर मित्र-मैत्रिणींनो, संध्याकाळी सव्वासहाला आम्ही होस्टेलच्या फाटकापाशी असतो. नावनोंदणी नाही, फी नाही, अटेंडन्स तर नाहीच. उन्हाळ्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आम्ही पहाटे साडेपाचला निघतो, त्या दिवसांत उठवायची जबाबदारी ज्याची त्याची. पायात नीट बूट घाला, पाण्याची बाटली घ्या आणि बोलायला काहीतरी घेऊन या. आणि घरी फोन करायचा असेल, तर तो वाटेतच करा.